भोंगाताई गोष्ट वाचायला शिकल्या

बसस्थानकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी भोंगाताईंचा चेहरा पाहिला होता, पण त्यांचा आवाज सगळ्या गावाच्या कानात बसला होता. चौकशीच्या खिडकीमागे त्यांची खोली होती. खोली म्हणायचं ते आपलं बरं दिसावं म्हणून. खुर्ची मागे सरकवली की दार उघडत नसे, आणि दार उघडायचं तर आधी खुर्ची टेबलावर चढवावी लागे. तिथं माइकसमोर बसून बाईंनी उभी नोकरी काढली. कुठली गाडी, कोणता फलाट, किती वाजता. एकदा सांगायचं आणि मग 'पुन्हा ऐका' म्हणून तेच परत सांगायचं. छपरावरच्या कर्ण्यातून आवाज निघाला की झोपलेली माणसं उठून बोचकी उचलत आणि उठलेली धावत सुटत. ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्यांना भोंगाताई म्हणायला सुरुवात केली ती थट्टेनं. त्या थट्टेवर रागवायचं की नाही हे ठरवायला त्यांना सवड मिळेपर्यंत नाव अंगाला चिकटून गेलं होतं.

नवराही या कर्ण्यानंच मिळवून दिला. तो डेपोतला मेकॅनिक. गाडीखाली उताणा पडून पाने फिरवता फिरवता आवाज ऐकायचा आणि मग हात पुसत खिडकीशी येऊन विचारायचा, अमुक गाडी कधी सुटणार? आता ती गाडी त्यानंच खोलून ठेवलेली. ती कधी सुटणार हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? ही गोष्ट भोंगाताईंच्या लक्षात यायला बराच काळ गेला. विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना माहीत.

कामाचा त्यांचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात आधी. गाडी रद्द असेल तर 'रद्द' हा शब्द पहिला, कारण मागून. प्रवाशाचा जीव टांगणीला लावायचा नाही. हाच नियम त्या घरीही चालवत. त्यांच्या पोटात कोणतीही बातमी चहा उकळेपर्यंतसुद्धा राहत नसे. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा ते मुलाच्या आधी गल्लीला कळलं होतं. सूनबाई घरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिनं ओळखलं की या घरात गुपित ठेवायचं असेल तर सासूबाईंना सांगायचं नाही, आणि सासूबाईंना न सांगता या घरात काही करता येत नाही.

मग एक दिवस बसस्थानकावर यंत्र आलं. त्यात कुठल्याशा मुलीचा गोड आवाज भरलेला होता. ती मुलगी कधी खोकत नसे, रजा मागत नसे, आणि गाडी उशिरा असली तरी तितक्याच गोडव्यानं सांगत असे. भोंगाताईंची नोकरी संपतच आली होती, तेव्हा निरोप रीतसर झाला. साहेबांनी दोन शब्द सांगितले, तेही माइक न लावता, त्यामुळे मागच्यांना काही ऐकू गेलं नाही. घरी आल्यावर बाई पंधरवडाभर गप्प होत्या. एरवी त्यांना 'जरा हळू बोल' म्हणणारा नवरा त्या शांततेनं इतका घाबरला की त्यानं सुनेला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरांना दाखवायचं का?

सून शाळेत मराठी शिकवायची. नववी-दहावीचे वर्ग. शाळेतल्या वेताच्या खुर्च्या मोडल्या की त्या गावाबाहेरच्या कार्यशाळेत पाठवत. तिथं दृष्टी नसलेली माणसं खुर्च्या विणायची. दुपारी हात चालू असताना त्यांना कोणीतरी गोष्टी वाचून दाखवायचं, अशी तिथली जुनी पद्धत होती. वाचणारे एक गुरुजी होते, ते लेकीकडे राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. सूनबाईंनी घरी येऊन हे सांगितलं आणि भाजी निवडणाऱ्या सासूबाईंच्या हातातली जुडी खाली पडली.

"आवाज हवाय ना त्यांना?" भोंगाताई म्हणाल्या. "मग झालं तर. उद्याच जाते."

कार्यशाळा म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतीकडेनं पाण्याच्या टाक्या, त्यात वेत भिजत घातलेला. ओल्या वेताचा वास दारातच नाकाशी यायचा. दोन्ही बाजूंनी माणसं बुटक्या स्टुलांवर बसलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात खुर्चीचा उघडा सांगाडा. बोटं भोक शोधायची, वेत ओवायची, सुर्रकन ओढायची आणि पुढच्या भोकाकडे जायची. मधूनमधून लाकडी मोगरीनं खुंटी ठोकल्याचा आवाज. मुकादम तेवढा डोळस. त्यानं भोंगाताईंना नीट न्याहाळलं.

"महिनाअखेरपर्यंत बघू या," तो म्हणाला. "माणसांना आवडलं तर ठीक. नाहीतर मी रेडिओ आणून ठेवणार आहे. रेडिओला चहा द्यावा लागत नाही आणि त्याला रागही येत नाही."

एका यंत्रानं भोंगाताईंना खुर्चीवरून उठवलं होतं. दुसरं यंत्र उठवणार असेल तर पुन्हा बसायला जागा कुठली? त्या वयात, त्या आवाजाला, दुसरं कोण विचारणार होतं? घरी बसून नवऱ्याला चहा टेबलाकडे निघाल्याची सूचना देत राहायचं, एवढंच उरलं असतं.

"आणि हो," मुकादम जाता जाता म्हणाला, "नाही आवडलं तर ते लोक मोगऱ्या वाजवतात. मनाला लावून घेऊ नका."

पहिल्या दिवशी भोंगाताईंनी जायच्या आधी कथा डोळ्यांखालून घातली. घरातले दागिने नाहीसे होतात, सगळा संशय धाकट्या सुनेवर येतो, अशी ती कथा. त्यांनी घसा साफ केला, ताठ बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लक्ष द्या. आजच्या कथेतले दागिने थोरल्या भावानंच लपवलेले आहेत. पुन्हा ऐका. दागिने थोरल्या भावानं लपवलेले आहेत. आता कथा सुरू होत आहे."

क्षणभर सगळी बोटं थांबली. मग कोपऱ्यातून एक मोगरी वाजली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता सगळी खोली ठोकायला लागली. टकळी नावानं ओळखली जाणारी एक विणकर बाई तर हसून हसून स्टुलावरून घसरली. "बाई," ती म्हणाली, "आता वाचायचं तरी कशाला? चहा प्या आणि जा घरी."

सगळ्यात वाईट वाटलं ते वस्तादांच्या बोलण्याचं. वस्ताद म्हणजे तिथले सगळ्यात जुने विणकर, निम्म्या खोलीला काम त्यांनीच शिकवलेलं. ते हसले नाहीत. सावकाश म्हणाले, "आवाज तुमचा मी ओळखतो, ताई. तुमच्या आवाजावर मी आयुष्यभर गाड्या पकडल्या. एकदाही चुकली नाही. पण ही गाडी नव्हे."

भोंगाताई तोंडावर आपटल्या होत्या, पण आपलं काय चुकलं हे त्यांना घरी पोचेपर्यंत कळलं नव्हतं. उलट रागच आला होता.

"कुठं जाणार हे न सांगता माणसाला गाडीत बसवायचं?" त्या सुनेला म्हणाल्या. "ही फसवणूक झाली."

सूनबाईंनी कपाळावर हात मारला नाही, हे तिचे उपकार. तिनं फक्त विचारलं, "आई, तुम्ही स्वतः गोष्टीचं पुस्तक कसं वाचता?"

"कसं म्हणजे? आधी शेवटचं पान बघायचं. बरा शेवट असेल तर मग पहिल्यापासून वाचायचं."

"नेहमी?"

"गाडी कुठं जाते ते बघूनच चढतो ना आपण?"

घरात एवढं पुस्तकांचं कपाट, आणि त्यातल्या एकाही गोष्टीनं आपल्या सासूबाईंना आजवर धक्का दिलेला नाही, हे सूनबाईंना नव्यानंच कळत होतं. तिला त्यांची कीव आली आणि थोडा हेवाही वाटला, कारण अजून किती काय शिल्लक होतं त्यांचं.

शिकवणी सुरू झाली ती स्वयंपाकघरात. सूनबाईंनी आधी शाळेतल्यासारखं शिकवलं. कथानक म्हणजे काय, पात्रं म्हणजे काय, स्थळकाळ, संघर्ष, निवेदक, पूर्वसूचना, उपरोध, प्रतीक. व्याख्या सांगितल्या, उदाहरणं दिली. भोंगाताई एकीकडे मटार सोलत होत्या आणि सगळं त्यांच्या डोक्यावरून जात होतं. संघर्ष तेवढा लगेच कळला. "म्हणजे दोघांना एकच सीट हवी असते," त्या म्हणाल्या, आणि सूनबाईंना त्यात काही दुरुस्ती सुचली नाही. स्थळकाळही कळला. प्रतीक मात्र अजिबात पटलं नाही. गोष्टीतली फाटकी छत्री म्हणजे त्या घराची मोडकी अब्रू, असं सूनबाई म्हणाली तेव्हा त्या म्हणाल्या, "छत्री म्हणजे छत्री. अब्रू लिहायची होती तर अब्रू लिहायला काय झालं होतं?" तो वाद त्या घरात अजून मिटलेला नाही.

पुढच्या वेळी त्यांनी शेवट सांगितला नाही. तोंडाला कुलूप घालून आल्या होत्या. कथा रहस्याची होती, तळ्यात बुडालेल्या सावकाराची. तिच्या मध्यावर एक साधं वाक्य होतं की डॉक्टर आले तेव्हा त्यांचे बूट ओले होते. सूनबाईंनी पूर्वसूचना शिकवली होती, म्हणजे पुढं काय होणार त्याची खूण लेखक आधीच हळूच टाकून ठेवतो. भोंगाताईंना खूण सापडली आणि त्यांना राहवलं नाही. त्या थांबल्या, आवाज चढवला आणि एकेक शब्द सुटा करून वाचला, "डॉक्टरांचे. बूट. ओले. होते."

"डॉक्टरनं बुडवला," टकळी म्हणाली.

"डॉक्टरनंच," बाकीचे म्हणाले, आणि मोगऱ्या वाजल्या.

तिसऱ्यांदा वेगळीच तऱ्हा झाली. कथेतली म्हातारी आपल्या बिनकामाच्या मुलाला म्हणते, 'जन्माला आलास, फार उपकार केलेस बाबा.' भोंगाताईंनी ते इतक्या मनापासून, इतक्या कृतज्ञतेनं वाचलं की पुढं म्हातारी त्याला घराबाहेर काढते तेव्हा कोणाला काही कळेना. मुलानं नेमके काय उपकार केले होते, यावर खोलीत चर्चा सुरू झाली. मुकादम दारात उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं कोपऱ्यातली एक फळी रिकामी करून पुसून घेतली. रेडिओ ठेवायला बरी पडेल, असं तो कोणाला तरी म्हणाला, आणि ते भोंगाताईंनी ऐकलं.

त्या दिवशी त्या घरी आल्या त्या थेट पलंगावर जाऊन पडल्या. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, "मला नाही यायचं हे. मी नुसती भोंगा आहे. कोणीतरी बोलतं आणि माझ्यातून आवाज निघतो." नवऱ्याला गाडीतलं बिघडलेलं कळायचं, माणसातलं नाही. त्यानं फक्त त्यांच्या पायांवर चादर घातली.

सूनबाईंनी मात्र ते वाक्य ऐकलं आणि ती विचारात पडली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयातून तिनं एक जाडजूड कादंबरी आणली. सुई-दोरा घेतला आणि कादंबरीची शेवटची बरीच पानं कडेनं सरळ शिवून टाकली, उशीचा अभ्रा शिवावा तशी. ग्रंथालयाच्या पुस्तकाला सुई लावणारी मराठीची शिक्षिका तीच पहिली असावी.

"आई," ती पुस्तक पुढं ठेवत म्हणाली, "कार्यशाळेत मी काही दिवसांची सुट्टी कळवली आहे. आता हे पहिल्या पानापासून वाचायचं. तुमच्यासाठी. त्या लोकांसाठी नाही. टाका उसवायचा नाही."

"आणि शेवट वाईट असला तर?"

"तर वाईट."

कादंबरी होती खोल्या भाड्यानं देणाऱ्या दोन बहिणींची. थोरलीचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी न सांगता निघून गेलेला. एके दिवशी गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला, सारखा खोकणारा एक भाडेकरू येतो. सगळी हकीकत धाकटी बहीण सांगते, आणि तिला काहीतरी लपवायचं आहे हे हळूहळू जाणवत जातं. भोंगाताईंनी नाक मुरडत सुरुवात केली. दुपारी ओट्याशी उभ्या राहून एक पान, मग अजून एक. भाडेकरू जिन्यावरून खाली येतो, धाकटी दारामागे उभी असते, आणि तो तिच्या नावानं हाक मारतो, जे नाव तिनं त्याला कधी सांगितलेलंच नसतं. शेगडीवर दूध होतं. ते उतू गेलं, जळलं, घरभर वास सुटला, आणि भोंगाताईंना त्याचा पत्ता नव्हता. सूनबाई शाळेतून आली तेव्हा स्वयंपाकघरात धूर आणि धुरात सासूबाई, पुस्तक छातीशी धरून उभ्या.

"माझी छाती बघ कशी धडधडते आहे," त्या म्हणाल्या. "अगं, तो कोण आहे? तुला माहीत आहे ना? सांग मला."

"नाही सांगणार."

"तू फार दुष्ट आहेस."

"हेच त्यांना द्यायचंय आई," सूनबाई पातेलं नळाखाली धरत म्हणाली. "ही धडधड. तुम्ही त्यांना शेवट देत होता."

भोंगाताई जळलेल्या दुधाच्या वासात तशाच उभ्या राहिल्या. त्यांना एकदम कळलं, आणि कळल्यावर लाजही वाटली. बसस्थानकावर वाट बघणाऱ्या माणसाची वाट त्यांनी संपवायची होती. इथं माणसं वाट बघायलाच येत होती.

टाके उसवले ते त्यांनी सगळं पुस्तक रीतसर वाचून तिथवर पोचल्यावर, आणि शेवट वाचून त्या मन भरून रडल्या. मग खरा अभ्यास सुरू झाला. आता शेवट ठाऊक होता आणि तो आवाजात जाणवू द्यायचा नव्हता. सूनबाई ऐकायला बसे, आणि भोंगाताईंचा नवराही. नवऱ्याची एरवी पहिल्या पानात मान पडायची, म्हणून त्याला मुद्दाम बसवलं होतं.

"थांबा," सूनबाई म्हणाली. "हे कोण सांगतंय?"

"मी."

"तुम्ही नाही. धाकटी बहीण सांगते आहे. तिला जेवढं ठाऊक आहे तेवढंच तुम्हाला ठाऊक. तिला भीती वाटते आहे, आणि ती भीती ती लपवते आहे. तुमच्या आवाजात सगळं ठाऊक असल्याचा रुबाब आहे."

"मग मी कुठं आहे यात?"

"तुम्ही नाहीच."

हे भोंगाताईंना लागलं. आयुष्यभर लोकांनी चेहरा पाहिला नाही, आवाज तेवढा आपला होता. आता तोही दुसरीला द्यायचा? दोन दिवस त्या सुनेशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. 'जिन्यावर पाऊल वाजलं. मी दिवा बारीक केला.' आवाज बारीक, कोरडा, घाबरलेला, आणि घाबरलेलं दाखवायचं नाही म्हणून जरा जास्तच सरळ. सूनबाई दारात थबकली. तो आवाज तिनं या घरात कधी ऐकलेला नव्हता. नवऱ्यानं पंखा बंद केला, कारण पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं. उकाड्यात घाम पुसत तो शेवटपर्यंत जागा राहिला.

ही कादंबरी कार्यशाळेत सुरू झाली तेव्हा महिन्याचे थोडेच दिवस उरले होते. पहिल्या दिवशी मोगऱ्या तयारच होत्या. भोंगाताईंनी 'लक्ष द्या' म्हटलं नाही. घसाही साफ केला नाही. कोणी शेजारी बसून हलक्या आवाजात बोलायला लागावं तशी सुरुवात केली, इतकी की मागच्या ओळीनं मान पुढं केली. 'त्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. निदान लोकांना आम्ही तसं सांगत होतो.' एक मोगरी उचलली गेली होती, ती खाली ठेवल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी त्या एका वाक्याशी आल्या. भाडेकरू पहिल्यांदा टेबलाशी बसतो आणि थोरली न विचारता त्याच्यापुढं बिनसाखरेचा चहा ठेवते. भोंगाताईंना शेवट ठाऊक होता. ते वाक्य म्हणजे पुढची खूण आहे हेही ठाऊक होतं. त्यांची जीभ शिवशिवली. पण धाकट्या बहिणीला त्या क्षणी त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं, तेव्हा भोंगाताईंनाही वाटून चालणार नव्हतं. त्या खिडकीबाहेरच्या उन्हाबद्दलचं वाक्य वाचावं तितक्या सहज ते वाचून पुढं गेल्या. फक्त वस्तादांचा वेत भोकात अर्ध्यावर थांबला.

वेळ संपल्यावर वस्ताद भिंत चाचपत त्यांच्याजवळ आले. "तो चहा," ते हळूच म्हणाले, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "बिनसाखरेचा. पुस्तकात तसंच आहे ना? की तुम्ही चुकून वाचलात?"

"जे लिहिलंय ते वाचलं मी," भोंगाताई म्हणाल्या.

वस्ताद हसले. "अस्सं. मग मी कोणाला काही बोलत नाही."

महिना संपत आला तसे बसायला बाहेरचेही लोक येऊ लागले. वेत आणून टाकणारा गाडीवाला माल उतरवून तिथंच रेंगाळायचा. हिशेबनीस दार उघडं ठेवून काम करायचा. मुकादमाची तक्रार आता निराळी होती, की हात थांबतात. "ऐका, पण विणत ऐका," तो ओरडायचा, आणि स्वतः चहाचा कप ओठांशी नेऊन तसाच धरून ठेवायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कादंबरी ऐन मोक्याच्या प्रसंगाशी आली. दोघी बहिणी आणि भाडेकरू टेबलाशी बसलेले. धाकटी सांगते आहे. थोरली उठते. दाराला आतून कडी लावते. परत येऊन भाडेकरूसमोर उभी राहते. भोंगाताई इथं थांबल्या. थांबायला सूनबाईंनी शिकवलं होतं. पण किती थांबायचं ते त्यांनी खोलीकडे कान लावून स्वतः ठरवलं. एक टाकी ठिबकत होती, तिचा थेंब पडू दिला. मग थोरलीच्या आवाजात, अगदी शांतपणे त्यांनी वाचलं, "धाकटीला तू सांगतोस, की मी सांगू?"

काम संपल्याची घंटा झाली. भोंगाताईंनी पुस्तक मिटलं.

कोणी उठलं नाही. एरवी घंटेबरोबर स्टुलं सरकायची, डबे वाजायचे. एकही मोगरी वाजली नाही. मग टकळी म्हणाली, "बाई, एकच पान वाचा. अर्धं वाचा."

"घंटा झाली," भोंगाताई म्हणाल्या.

"घंटा गेली खड्ड्यात," वस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून असलं काही कोणी आजवर ऐकलेलं नव्हतं.

सगळ्यांचे चेहरे मुकादमाकडे वळले. तो किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारात उभा होता. महिना आज संपत होता. पुसून ठेवलेली फळी कोपऱ्यात रिकामीच होती. त्यानं घसा खाकरला, काहीतरी कामाचं बोलणार असल्यासारखा. भोंगाताई पुस्तक पिशवीत घालू लागल्या, ते दोनदा कडेला अडकलं.

"ताई," मुकादम म्हणाला, "मला एकट्याला बाहेर सांगा. यांना नको. त्या भाडेकरूला थोरली पहिल्यापासून ओळखत होती का?"

खोलीत एकच हशा उसळला. भोंगाताईंना हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते विणकरांपैकी कोणाला दिसण्यासारखं नव्हतं याचं त्यांना बरं वाटलं. उत्तर जिभेच्या टोकावर होतं. आयुष्यात कोणी खिडकीशी येऊन विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"उद्या," त्या म्हणाल्या.

मुकादमानं मान हलवली. नाइलाजानं का होईना, तो तोंडानं बोलला ते सगळ्या खोलीनं ऐकलं. "मग उद्या अर्धा तास आधी या. आणि ही कादंबरी संपली की पुढं कोणती, तेही बघून ठेवा."

मग मोगऱ्या वाजल्या. सगळ्या एकदम, लाकडावर, ताल धरून. नावडलं की ठोकायची त्या खोलीची रीत. आवडलं म्हणून ठोकायची रीत नव्हती. ती त्या दिवशी पडली.

भोंगाताई घरी निघाल्या त्या चालत. वाटेत बसस्थानक लागलं. कर्ण्यातून ती गोड मुलगी कुठल्याशा गाडीचं सांगत होती. भोंगाताईंनी तिचं नीट ऐकून घेतलं आणि त्यांना पहिल्यांदाच तिचा राग आला नाही. बरं सांगत होती पोरगी.

घरी सूनबाई टेबलाशी पेपर तपासत बसली होती. तिचं तपासण्यात लक्ष नव्हतं, हे वरच्याच पेपरवरून दिसत होतं. एका उत्तराला तिनं दोनदा गुण दिले होते. नवरा उगाच दाराची बिजागरी खोलून बसला होता. सासूबाईंनी चपला काढल्या, हातपाय धुतले, पाणी घेतलं. तोंडावरून काही कळेना.

"आई, काय झालं?" सूनबाई म्हणाली. "ठेवलं का तुम्हाला? की रेडिओ आणणार?"

"सांगते ना," भोंगाताई म्हणाल्या. "सगळं सांगते. दुपारची वेळ होती."

"आई, आधी शेवट सांगा. बाकीचं मागून."

सुनेचे डोळे मोठे झाले होते, नवऱ्याच्या हातातला स्क्रू खाली पडून कपाटाखाली गेला होता, आणि दोघांचीही तो उचलायची तयारी नव्हती. भोंगाताईंना त्या क्षणी इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना. त्यांनी खुर्ची ओढली, पेला सावकाश संपवला, आणि त्या खोलीला खिडक्या किती होत्या तिथून सांगायला सुरुवात केली.